घडी, खळ आणि ऑगस्टची हवा : ऑफिसातल्या कार्डांविषयी वाचकांचे प्रश्न

सहकाऱ्यासाठी हाताने केलेलं कार्ड, या विषयावर आम्ही मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत एकच रडगाणं पुन्हा पुन्हा आहे : कार्ड वाकलं, सुरकुतलं, नाहीतर घडीवर तडकलं. यात हात वाईट म्हणून बिघडलेलं फार थोडं, बाकी सगळं कागदाची निवड आणि मुंबईची हवा. म्हणून या वेळी सजावटीवर कमी आणि कागदावर जास्त बोललो आहोत.

आमच्या विभागातल्या ताई ३१ ऑगस्टला निवृत्त होत आहेत. आम्ही २५ जण. मागच्या वेळी एकच मोठं कार्ड सगळ्यांकडे फिरवलं. पहिल्या पाच जणांनी अर्धी जागा खाल्ली आणि बाकीच्यांनी कोपऱ्यात सह्या ठोकल्या. यंदा काय करावं?
— वाचक, ठाणे

एकच कार्ड फिरवायचा नाद सोडा. अख्खा ए-४ कागद उघडा धरला आणि कडेने दीड सेंटिमीटर सोडलं तर २६.७ × १८ सेंटिमीटर जागा उरते. माणशी ६ × ४ सेंटिमीटरची चौकट दिली तर त्यात जेमतेम सोळा-अठरा जण बसतात. शिवाय पहिल्याने ‘पुढील आयुष्यास शुभेच्छा’ लिहिलं की खालचे सगळे तेच लिहितात, हा तोटा वेगळाच.

त्याऐवजी पोथी करा. पोथीची पानं सुटी असतात आणि दोन फळ्यांमध्ये बांधलेली असतात, तसंच. २४० ते २५० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ए-४ कार्डशीट आठ भागांत कापलं की ७४ × १०५ मिलिमीटरची आठ पानं मिळतात. चार शीट्सची ३२ होतात. २५ लिहायला, एक वर नावाचं आणि सहा चुकणाऱ्यांसाठी. (चुकतात. नवं पान मागायला कोणी येत नाही, खाडाखोड करून देतात. म्हणून जादा पानं स्वतःहून पुढे करा.) प्रत्येकाला आपापलं पान द्या, एकाच बाजूला लिहायला सांगा आणि चार दिवसांची मुदत द्या. घरून काम करणाऱ्यांचं पानही असं सहज गोळा होतं.

फळ्यांसाठी २ मिलिमीटर जाडीचा ग्रे बोर्ड घ्या, ८ × ११ सेंटिमीटरचे दोन तुकडे. वर खणाचं कापड लावायचं, दर तुकडा ११ × १४ सेंटिमीटर, म्हणजे चहूबाजूंनी दीड सेंटिमीटर आत वळवायला मिळतं. कापड आधी इस्त्री करून घ्या. फेविकॉल पुठ्ठ्याला लावायचा, कापडाला कधीच नाही. आणि तोही पातळ थरात, जुन्या व्हिजिटिंग कार्डाच्या कडेने ओढून. कापडाला लावला तर तो विणीतून वर येतो आणि वाळल्यावर चकचकीत डाग राहतो. खणावर हा डाग निघत नाही.

कोपरे तिरके कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून ३ ते ४ मिलिमीटर कापड सोडा, म्हणजे पुठ्ठ्याच्या जाडीच्या दीडपट-दुप्पट. अगदी टोकाला टेकवून कापलं तर वळवल्यावर कोपऱ्यात राखाडी पुठ्ठा डोकावतो. जास्त सोडलं तर तिथे गाठोडं होतं. आधी लांब बाजू वळवा, मग कोपऱ्यातलं कापड नखाने आत दाबा, मग आखूड बाजू. या टप्प्यावर फळी बाहेरच्या बाजूला वाकेल. घाबरू नका, कापड वाळताना ओढतं म्हणून तसं होतं. आतल्या बाजूला ७.६ × १०.६ सेंटिमीटरचा मार्बल किंवा साधा रंगीत कागद चिकटवला की तो उलट बाजूने ओढतो आणि फळी सरळ होते. हे अस्तर म्हणजे नुसती शोभा नव्हे, ते गाळू नका. दोन्ही फळ्या बटर पेपरमध्ये घालून रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा.

पंचवीस पानांची जाडी साधारण ८ मिलिमीटर आणि दोन फळ्यांची ४. आडवे दोन वेढे आणि वर एक सैल गाठ यासाठी ६० सेंटिमीटर रेशमी दोरी पुरते.

२५० जीएसएमचं गडद निळं कार्डशीट मधोमध दुमडलं की घडीवर पांढरी भेग पडते. महागातला कागद घेऊनही तेच.
— वाचक, घाटकोपर

किमतीचा इथे संबंध नाही. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेने लोळलेले असतात, प्रेसमध्ये त्याला ग्रेन म्हणतात. घडी तंतूंना समांतर असली तर ती स्वच्छ पडते. आडवी गेली तर तंतू मोडतात आणि वरचा रंगीत थर फाटून आतला पांढरा गर दिसतो.

दिशा ओळखायची सोपी रीत : त्याच कागदाच्या दीड सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर लांब अशा दोन पट्ट्या कापा, एक उभी आणि एक आडवी. दोन्ही एकावर एक ठेवून एका टोकाला चिमटीत धरा. जी जास्त लोंबते तिच्यात तंतू रुंदीच्या दिशेने आहेत. जी ताठ राहते तिच्यात लांबीच्या.

बाजारातल्या बहुतेक ए-४ शीट्समध्ये तंतू लांब बाजूने असतात. म्हणून अख्खं ए-४ मधोमध दुमडलं की घडी तंतूंच्या बरोबर आडवी जाते आणि तडकते. तेच शीट आधी कापून दोन ए-५ केली आणि प्रत्येक दुमडलं तर घडी तंतूंच्या दिशेनेच पडते. छोटं कार्ड नेहमी नीट का होतं आणि मोठंच का बिघडतं, त्याचं कारण एवढंच. मोठंच हवं असेल तर पूर्ण आकाराचं शीट विकत घ्या आणि दिशा बघून स्वतः कापा.

आणि दुमडायच्या आधी रेघ दाबून घ्यायची. शाई संपलेलं बॉलपेन किंवा क्रोशाची सुई चालते. खाली वर्तमानपत्राच्या पाच-सहा घड्या किंवा माउसपॅड ठेवा. टणक टेबलावर रेघ बसतच नाही. एकदाच जोर लावण्यापेक्षा हलक्या हाताने दोनदा ओढा. रेघ कार्डाच्या बाहेरच्या बाजूने मारायची, म्हणजे तिच्या मागे उमटणारा बारीक उंचवटा घडीच्या आत जातो. बरेच जण नेमकं उलटं करतात. ३०० जीएसएमच्या वर गेलात तर एक मिलिमीटर अंतराने दोन समांतर रेघा मारा. शेवटी घडीवर चमच्याची पाठ फिरवायची, पण मध्ये बटर पेपर ठेवून, नाहीतर गडद कागदावर चकाकी उमटते.

आधीच तडकलेल्या कार्डाला त्याच छटेची रंगीत पेन्सिल भेगेवर फिरवा. स्केचपेन नको, ओल पसरते.

जुलैत केलेलं कार्ड घरी सपाट होतं, ऑफिसात नेल्यावर तासाभरात पापडासारखं वळलं. गोंद बदलू का?
— वाचिका, डोंबिवली

गोंद बदलाच, पण आधी काय घडलं ते पाहा. कागदाचे तंतू दमट हवेत फुगतात, लांबीला नगण्य आणि जाडीला बरेच. पावसाळ्यात घरातला कागद पाणी पिऊन बसलेला असतो. तो एसीत गेला की झपाट्याने आकसतो. कार्डावर दुसरा कागद चिकटवलेला असला आणि दोघांची जात किंवा तंतूंची दिशा वेगळी असली तर एक जास्त आकसतो, दुसरा कमी. मग कार्ड वळणारच.

म्हणून चिकटवायचे कागद एकाच जातीचे घ्या आणि दोघांची दिशा एक ठेवा. मोठा तुकडा चिकटवायचा असेल तर फेविकॉल नको. त्यातलं पाणीच कागदाला सुरकुत्या पाडतं. दुहेरी चिकटपट्टी लावा, कडेपासून ३ मिलिमीटर आत चारही बाजूंनी आणि मध्ये एक तिरकी. तुकडा लहान असेल तर ग्लू स्टिक चालते. फेविकॉलच वापरायचा तर ए-६ आकाराला (ए-४ चा चौथा भाग) हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरतो. पाणी घालून पातळ करू नका, तिथेच घात होतो. चिकटवल्यावर बटर पेपरमध्ये घालून बारा तास वजनाखाली, आणि जमलं तर ऑफिसच्याच एसीत. जिथे कार्ड राहणार तिथेच वाळलं की ते नंतर हालत नाही.

सेलोटेप काही महिन्यांत पिवळी पडते, डिंक कडेने पाझरतो आणि धूळ धरतो. फेविक्विकची वाफ आसपास बसून पांढुरका थर धरते आणि दमट हवेत ते जास्त होतं. गडद कागदावर तर हात लावू नका.

काही जणांनी मैद्याच्या खळीबद्दल विचारलं आहे. खळ उत्तम, कागदाशी तिचं जमतं. पण पावसाळ्यात तिला बुरशी येते, आणि कसर व झुरळं तिच्यावर ताव मारतात. बाइंडर तिच्यात मोरचूद घालतात ते यासाठीच. ते विषारी असतं. घरच्या कार्डासाठी त्या वाटेला जाऊ नका.

उरलेला कागद झिपच्या पिशवीत ठेवा. बुटांच्या खोक्यातून काढलेल्या सिलिका जेलच्या पुड्या बहुधा आधीच पाणी पिऊन भरलेल्या असतात. रंग बदलणारे मणी मिळतात ते घ्या, म्हणजे कधी संपले ते दिसतं.

चमकी लावली तर?
— वाचक, कुर्ला

नको. ती कार्डावर राहत नाही. कीबोर्डमध्ये, डब्यात आणि शेजारच्याच्या शर्टावर राहते.

हातकागदावर पेनाची शाई पसरते. आणि मुंबईत हा कागद कुठे बघावा?
— वाचक, गिरगाव

क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट आणि फोर्टातली कागदाची दुकानं आधी पालथी घाला. पुण्याला जाणं होत असेल तर शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० साली सुरू झालेली. पाकिटं मात्र तुमच्या दारातच आहेत : खाडिलकर रोडला, म्हणजे कांदेवाडीत, लग्नपत्रिकावाल्यांकडे. आधी पाकीट घ्या, मग कार्ड कापा. हा क्रम उलटा केला की कार्डाला पाकीट सापडत नाही.

पूर्ण शीट साधारण २२ × ३० इंचांचं असतं, म्हणजे ५६ × ७६ सेंटिमीटर. त्याचे चार उभे आणि चार आडवे भाग केले की १४ × १९ सेंटिमीटरचे सोळा तुकडे पडतात, जवळजवळ काहीही वाया न जाता. दुमडल्यावर कार्ड ९.५ × १४ सेंटिमीटर, आणि ते ११.४ × १६.२ च्या सी-६ पाकिटात आरामात बसतं. कापण्याऐवजी फाडा : घडी घाला, घडीवर ओला ब्रश दोनदा फिरवा, मिनिटभर थांबा आणि स्टीलच्या पट्टीला धरून हळू ओढा. कड मूळच्या काठासारखी झुबकेदार येते. हातकागदात तंतू सगळ्या दिशांना विखुरलेले असतात, त्यामुळे घडीची दिशा बघत बसावी लागत नाही.

आता शाई. हातकागद बहुतेक करून सुती चिंध्यांच्या लगद्याचा असतो आणि त्याला पुरेशी खळ दिलेली नसेल तर तो टीपकागदासारखा वागतो. कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब अर्धा मिनिट मण्यासारखा टिकला तर लिहायला हरकत नाही. लगेच शोषला गेला तर फाउंटन पेन विसरा. एक चमचा कॉर्नफ्लोअर एक कप पाण्यात उकळून गार करा आणि रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना पातळ हात द्या, मग दोरीवर अर्धवट वाळवून वजनाखाली ठेवा. फरक पडतो. पण खरं सांगायचं तर त्यापेक्षा आत वेगळं पान घालणं बरं.

१०० जीएसएमचा पांढरा कागद कार्डापेक्षा चहूबाजूंनी ३ मिलिमीटर लहान कापा, दुमडा, कार्डात बसवा आणि घडीवर तीन भोकं पाडा. चौदा सेंटिमीटरच्या घडीवर ती २, ७ आणि १२ सेंटिमीटरवर येतील. चाळीस सेंटिमीटर दोरा घेऊन मधल्या भोकातून आतून बाहेर जा, वरच्यातून आत या, मधलं ओलांडून खालच्यातून बाहेर पडा आणि मधल्यातून परत आत. दोऱ्याची दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारा. डिंकाचा थेंबही लागत नाही, त्यामुळे पावसाळ्यात हेच सगळ्यात भरवशाचं.

निरोपाला आम्ही रोख देतो, बावीस नोटा पाचशेच्या आणि वर एक रुपया. नोट कार्डात मावत नाही, दुमडून घालणं बरं दिसत नाही.
— वाचिका, बोरिवली

पाचशेची नोट १५० × ६६ मिलिमीटर आणि ए-६ कार्डाची लांबी १४८. दोन मिलिमीटरने अडतं.

एका ए-४ मधून २० × २१ सेंटिमीटरचा तुकडा कापून २१ च्या बाजूला समांतर दुमडा. १० × २१ चं कार्ड होतं आणि ते ११ × २२ च्या लांबट पाकिटात जातं. ही घडी तंतूंच्या आडवी पडते, तेव्हा वर घाटकोपरच्या वाचकांना सांगितल्याप्रमाणे रेघ आधी दाबून घ्या. उरलेल्या ९.७ × २१ च्या पट्टीतून १८ × ६ चा तुकडा काढा; डावी, उजवी आणि खालची एक-एक सेंटिमीटर बाजू मागे वळवा. १६ × ५ चा खिसा तयार होतो, नोटेचा वरचा दीड सेंटिमीटर बाहेर राहतो आणि काढायला सोपं जातं. बावीस नव्या नोटांची चळत दोन-अडीच मिलिमीटर होते. म्हणून खिशाच्या बाजू सरळ न चिकटवता पंख्यासारखी एक जास्तीची चूण द्या, नाहीतर खिसा ताणून फाटतो.

रुपया नोटांबरोबर ठेवू नका, पाकिटावर वळ उठतो आणि कागद तिथे झिजतो. त्याला वेगळी पुडी. नोटांना स्टेपल तर अजिबात नको.

उघडल्यावर उभं राहणारं चित्र केलं, पण कार्ड मिटलं की ते कडेतून बाहेर येतं.
— वाचक, चेंबूर

मोजमाप चुकलं आहे. घडीतून कापलेल्या चिरेची लांबी अधिक चित्राची उंची, ही बेरीज कार्डाच्या एका पानापेक्षा कमी असायला हवी. ए-६ कार्डात घडी लांब बाजूला असेल तर घडीपासून कडेपर्यंत १०५ मिलिमीटर मिळतात. चिरा ३० मिलिमीटरच्या पाडल्या तर चित्र ७५ च्या आत हवं. ६५ धरा म्हणजे कडेला सेंटिमीटरभर सुटतं. चित्र न लावता नुसता चौकोनी ठोकळा उभा करायचा असेल तर चीर पानाच्या निम्म्यापेक्षा लहान ठेवली की झालं.

आतला कागद १६० ते २०० जीएसएमचा पुरे. दुमडलेल्या स्थितीतच दोन्ही पानांतून एकदम चिरा कापा, म्हणजे त्या सारख्या येतात. दोन चिरांमधली पट्टी दोन्ही बाजूंना मागे-पुढे वळवून घडी सैल करा आणि मग आत ढकला. चित्र फक्त पुढच्या उभ्या बाजूला चिकटवायचं. बाहेरचं आवरण लावताना ठोकळ्याच्या मागे डिंक गेला तर तो उठत नाही. हीच चूक सर्रास होते; तिथे पेन्सिलने फुली करून ठेवा.

ऑफिसातल्या रद्दी कागदाचाच लगदा करून कार्ड द्यावं, अशी कल्पना आहे. जमेल का?
— वाचक, अंधेरी

जमेल, पण पावसाळा टाळा. शीट वाळायला तीन-तीन दिवस लागतात आणि कुबट वास धरतो. दिवाळीनंतर करा.

हिशोब असा : ७५ जीएसएमचा एक ए-४ कागद पावणेपाच ग्रॅम भरतो. २०० जीएसएमच्या एका ए-५ शीटला सव्वासहा ग्रॅम लगदा लागतो. आठ कागदांतून कागदोपत्री सहा शीट निघतात, गाळणीत जातं ते धरून पाच. श्रेडरमधला चुरा वापरायचा तर त्यात तंतू आखूड झालेले असतात आणि शीट ठिसूळ होतं. हाताने फाडलेले दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे बरे. दुकानांच्या गुळगुळीत पावत्या वगळा, त्यांच्यावर रसायनाचा थर असतो. लेझर प्रिंटरची काळी पूड विरघळत नाही, तिचे ठिपके राहतात; इंकजेटची शाई विरघळून सगळा लगदा राखाडी करते. ठिपके दिसायला बरे.

तुकडे रात्रभर भिजवा. मिक्सरचं भांडं पाऊण भरून पाणी, त्यात मूठभर लगदा, वीस-तीस सेकंद थांबून थांबून फिरवा. दाट घातलं तर मोटर तापते. आणि हे भांडं परत चटणीला वापरू नका. ए-५ मापाच्या दोन सारख्या लाकडी चौकटी घ्या, एकीवर डासांची जाळी ताणून ठोका. टबात दहा लिटर पाण्यात लगदा सोडून हाताने ढवळा. जाळी वर, तिच्यावर मोकळी चौकट, तिरकी बुडवून आडवी उचला आणि पाणी गळेपर्यंत पुढे-मागे व डावी-उजवीकडे हलवा. हे हलवणं म्हणजे तंतूंची वीण, ते टाळलं तर शीट वाळल्यावर सुटतं. ओल्या सुती कापडावर उलटं टेकवा, जाळीमागून स्पंजने पाणी टिपा आणि चौकट एका कडेने उचला. सगळी शीट्स कापडांसकट दोन पाटांमध्ये दाबा, मग काचेवर किंवा सनमायकावर चिकटवून पंख्याखाली वाळवा. चिकटलेली बाजू गुळगुळीत येते, लिहायला तीच.

शीट्स मुळात जाड-पातळ आणि मऊ असतात, म्हणून घडीचं कार्ड न करता सपाटच ठेवा. उरलेलं पाणी कापडातून गाळून टाका. बेसिनमध्ये लगदा ओतला की नळवाल्याला बोलवावं लागतं.

कार्डावर काय लिहावं? ‘भावपूर्ण निरोप’ कसं वाटतं?
— वाचिका, परळ

वाईट. ‘भावपूर्ण’ हा शब्द आपल्याकडे चौकातल्या श्रद्धांजलीच्या बॅनरने कायमचा नेला आहे. काळी चौकट, पांढरी फुलं आणि फोटोभोवती हार हेही त्याच घरातले. निवृत्त होणारा माणूस समोर खुर्चीवर बसलेला असतो. वर नाव, ‘सेवानिवृत्तीनिमित्त’ आणि तारीख, एवढं पुरे. आत ‘आपण’ की ‘तुम्ही’, हे रोज जसं बोलता तसंच ठेवा. ज्यांना बारा वर्षं काका म्हटलं त्यांना कार्डावर ‘महोदय’ करू नका. आणि नावाचं शुद्धलेखन त्यांच्या सहीवरून तपासा, हजेरीपटावरून नव्हे.

आमचे एक सहकारी दृष्टिहीन आहेत, ब्रेल वाचतात. त्यांच्यासाठी काय करता येईल?
— वाचक, वांद्रे

ब्रेलची पाटी आणि टोचा घ्या. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड वरळीला आहे, पाटीबद्दल तिथे विचारता येईल. कागद १४० ते १६० जीएसएमचा; पातळ कागदात ठिपका फाटतो, जाड कार्डावर उठतच नाही. पाटीवर कागदाच्या मागून टोचतात, म्हणून ओळ उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं करायचं. कागद पालटला की डावीकडून वाचता येतं. मराठीसाठी भारती ब्रेल वापरतात. त्यात स्वर उच्चाराच्या क्रमाने येतात, म्हणजे ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग इ, आपल्या पहिल्या वेलांटीसारखी आधी काढायची नाही.

चुकलेला ठिपका नखाने दाबला तरी बोटाला लागतो. नवा कागद घ्या. द्यायच्या आधी ब्रेल वाचणाऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या. ठिपक्यांवर स्टिकर, लेस, खडे काही नको. काठाला खणाची पट्टी चालेल, बोटाला कळते. मागच्या बाजूला तोच मजकूर शाईने लिहायचा असेल तर टोचायच्या आधी लिहा. आणि हे एकच कार्ड असं की ते वजनाखाली ठेवायचं नाही, ठिपके बसतात.

सकाळी ८.१० ची लोकल. कार्ड सुरकुती न पडता पोचवायचं कसं?
— वाचक, विरार

सपाट कार्ड असेल तर त्याच्याहून चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर मोठे दोन पुठ्ठे, मध्ये कार्ड, चारही कडांना कागदी टेप. वर प्लॅस्टिक, पण पिशवी घरी पंख्याखाली कोरड्या हातांनी बंद करा. ओल आत कोंडली तर बाहेरच्या पावसाची गरज उरत नाही. पाठीवरच्या बॅगेत पाठीकडच्या बाजूला, लॅपटॉपच्या कप्प्यात उभं ठेवा आणि चढताना बॅग पुढे घ्या. उठावाचं काम, म्हणजे क्विलिंग (कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली नक्षी) किंवा कागदाची फुलं असतील, तर मिठाईचा रिकामा खोका : कार्ड तळाला दुहेरी टेपच्या दोन लहान तुकड्यांनी टेकवा, टेपचा मागचा कागद अर्धाच सोला, म्हणजे उतरल्यावर न फाटता सुटतं. फुलाचं टोक आणि झाकण यांत किमान ५ मिलिमीटर अंतर हवं. नसेल तर ती फुलं सुटी न्या आणि ऑफिसात पोचल्यावर लावा.